बिर्याणीवरचं अवकाश

(कुवैत. मंडळाच्या कार्यक्रमाचा हॉल, स्टेजमागची खोली.)

गुरुप्रसाद : पण बदरुद्दीनभाई, ते कापड बिर्याणीसाठी नव्हतं. ते अवकाश होतं.

बदरुद्दीन : अवकाश असं पिशवीत घालून किचनच्या ओट्यावर ठेवतात होय साहेब? मला वाटलं, इंजिनियरसाहेबांनी दमासाठी कापड पाठवलं. अवो, काय कापड आहे. देगेच्या तोंडावर असं ताणून बसलं, वाफ म्हणून बाहेर नाही.

गुरुप्रसाद : आणि लोखंडी गोळा? माझ्या लेकीच्या, ज्ञानदाच्या शाळेतून हातापाया पडून आणलाय.

बदरुद्दीन : तो झाकणावर. इतकं बेस वजन माझ्या बाकाल्यात, किराणा दुकानातसुद्धा नाही.

गुरुप्रसाद : तो तारा होता हो. ताणलेल्या कापडावर तारा ठेवला की खळगा पडतो आणि लिंबू त्याच्याभोवती फिरतं, हे दाखवायचं होतं. माझं अख्खं व्याख्यान त्याच्यावर उभं आहे. सोडा ते कापड.

बदरुद्दीन : आता सोडलं तर दम मोडेल. इथे रिग्गईत एवढा हॉल भरलाय तो कशाच्या जिवावर? आमंत्रणात तुमच्या नावाखाली मी बिर्याणी टाकली म्हणून.

गुरुप्रसाद : खाली कुठे, वर टाकलीत. मोठ्या अक्षरांत चिकन बिर्याणी आणि तळाला बारीक, 'तत्पूर्वी कृष्णविवर'.

बदरुद्दीन : मंडळाचा सेक्रेटरी आहे मी. माणसं कशाला येतात ते मला ठाऊक. तुम्ही तोंडानं सांगा ना सगळं. माफी मुश्किल, काही अडचण नाही.

गुरुप्रसाद : मुश्किल आहे. पहिल्या रांगेत ज्ञानदा बसलीय. लहानपणी माझं डोकं खायची ती, आकाश काळं का, चंद्र पडत का नाही. आता सगळं फोनला विचारते. मला शेवटचा प्रश्न कधी विचारला ते आठवतसुद्धा नाही. आज आईनं ढकलली म्हणून आलीय. नुसतं तोंडानं सांगितलं तर ती फोन काढेल, आणि एकदा काढला की संपलं.

बदरुद्दीन : माझा तौफीकपण तसाच. घरात आहे की नाही ते वायफाय बंद झालं की कळतं.

ज्ञानदा : बाबा, आर यू कमिंग? प्रेसिडेंट अंकल अजून तुमची ओळख करून देतायत. ते आत्ता तुमच्या डिप्लोमापर्यंत आलेत.

गुरुप्रसाद : आलोच. तू जा, बस. ...बदरुद्दीनभाई, त्या तबकात काय आहे?

बदरुद्दीन : तुमचा सत्कार. शाल आणि नारळ.

गुरुप्रसाद : आणा इकडे.

बदरुद्दीन : अवो नाही. नारळ न्या, शाल नको. मंडळाची एकुलती एक शाल आहे ती. पाहुण्याला पांघरायची, फोटो काढायचा, मग मागच्या दारानं परत घडी. गेल्या संक्रांतीला डॉक्टरीणबाई खरंच घरी घेऊन गेल्या, तर 'द्यायची विसरलात वाटतं' म्हणत मला त्यांच्या घरी एगैलापर्यंत जावं लागलं.

गुरुप्रसाद : तुम्ही माझं अवकाश घेतलंत. मी तुमची शाल घेतोय. चार माणसं द्या टोकं धरायला, आणि सॅलडमधलं एक लिंबू.

(व्याख्यान आटोपल्यावर, स्टेजमागची तीच खोली.)

बदरुद्दीन : मधोमध फाटली.

गुरुप्रसाद : दिसलं मला.

बदरुद्दीन : नारळ थेट प्रेसिडेंटच्या बुटावर. मी म्हटलं होतं, जोरात ताणू नका. पण तुम्ही माइकवरून ओरडताय, आणखी ताणा, आणखी ताणा.

गुरुप्रसाद : लोक हसले.

बदरुद्दीन : हसले, पण उठले का? बिर्याणी लावलीय असं मी दारातून दोनदा सांगितलं, एक हलला नाही. या मंडळात असं पहिल्यांदा झालं. वर प्रश्नपण विचारले.

गुरुप्रसाद : एकानं विचारलं, कुवैतहून दिसतं का. दुसऱ्यानं विचारलं, नारळ आता फोडणार का. ते जाऊ द्या. शाल फाटली तेव्हा मी पहिल्या रांगेकडे बघितलं, तर ज्ञानदाची खुर्ची रिकामी. बापाचं हसं होताना बघवलं नसेल पोरीला. मलाच हौस फार.

बदरुद्दीन : असं बोलू नका साहेब. हे घ्या तुमचं अवकाश. थोडं पिवळं झालंय, केशर आहे, धुतलं की जाईल. नाहीतर राहू द्या मंडळाकडे. पुढच्या पाहुण्याला हेच पांघरू, ताणतं तरी.

ज्ञानदा : बाबा, फायनली. सापडलं.

गुरुप्रसाद : तू कुठे होतीस? आणि गुडघ्यांना काय हे?

ज्ञानदा : स्टेजखाली. इट्स सो डस्टी. हे बघा, लिंबू.

बदरुद्दीन : घ्या. एका लिंबासाठी स्टेजखाली शिरली. किचनमध्ये पाटी भरून आहेत, बेटा.

ज्ञानदा : नो अंकल, हेच हवं होतं. बाबा, नारळ जड होता, तो पडला, ओके. पण लिंबू तर छान गोल फिरत होतं. मग तेही त्याच्या मागून आत का गेलं? तुम्ही ते सांगितलंच नाही.

गुरुप्रसाद : ...फोनवर बघितलंस?

ज्ञानदा : फोन आईकडे आहे. सांगा ना.

गुरुप्रसाद : बस. त्या खोक्यावर बस. हे कापड धर एका बाजूनं. आता समज, लिंबू फिरतंय, पण दर फेरीला त्याचा वेग थोडा थोडा...

बदरुद्दीन : चला साहेब, बिर्याणी निवतेय. दम मोडून कधीचा झाला.

ज्ञानदा : थांबा ना अंकल. बाबा सांगतायत.