ओढ्याकाठची बाग

चांदसाहेब : ...न्हाई बाई, मगापासनं बघतोय मी. ह्या टोकापासनं त्या टोकापर्यंत मान खाली घालून फिरताय. शेळी हरवलीय का दागिना पडलाय, काय ते सांगा. मी मुकादम हाय इथला. बागेच्या कामावर काडी हलली तरी मुन्शिपाल्टी मला इचारती.

हरणाबाई : शेळी न्हाई. दगड हुडकतीय.

चांदसाहेब : दगडाला काय तोटा हाय व्हय इथं? ओढ्याचे दोन्ही काठ दगडानं बांधून काढलेत. पलीकडं उरलेले पडलेत, त्यातला न्या एक. चुलीला पायजे का?

हरणाबाई : माझाच दगड हाय. जात्याची तळी. मधी खुंट्याचं भोक असतंय, तसली. वरचा दगड फुटला म्हणून तळी घरात रिकामी पडली व्हती.

चांदसाहेब : आणि घरातली तळी ओढ्याला कशी आली?

हरणाबाई : दिरानं आणली. ही लहान पोरं ठेवायची जागा व्हती.

चांदसाहेब : ठेवायची म्हंजे?

हरणाबाई : तुमी ह्या गावचं न्हाई वाटतं.

चांदसाहेब : मिरजेचा मी. दिवाळीनंतर आलो, हे काम निघालं तवा.

हरणाबाई : मग तुमाला कोण सांगणार. आमच्यात थोरल्या माणसाला जाळत्यात. दात न आलेलं पोर जाळत न्हाईत. खड्डा काढायचा, मीठ घालायचं, पुरायचं. वर मोठा दगड बघून ठेवायचा, कोल्ह्यानं उकरू नये म्हणून.

चांदसाहेब : या अल्ला. बाई, इथं दगड पडलेले व्हते. बाभळीखाली, जांभळीखाली, जिथं तिथं. मला वाटलं पुरानं आणून टाकले. म्हणलं आयता माल हाय, खाणीतनं गाड्या कशाला आणा. सगळे उचलायला लावले मी. पर गावातलं कुणी एका शब्दानं बोललं न्हाई.

हरणाबाई : कोण बोलणार? त्या पोरांचं नाव कुणी काढत न्हाई. आईनं बी काढायचं नसतंय.

चांदसाहेब : थांबा. धुळा, इकडं ये रं. ते फावडं ठेव. दगड उचलले तवा जात्याची तळी लागली व्हती का हाताला?

धुळा : लागली की. लय जड, मीच खांद्यावर आणली. ती काय, कठड्यात बसवलीय. गवंडी म्हणला भोक आतल्या अंगाला घाल. मी म्हणलं राहू दे बाहीर, पोरं बोटं घालून खेळतील. का वो आक्का, तुमची व्हती?

(कठड्यापाशी. हरणाबाई तळीच्या भोकावरनं हात फिरवते आणि हात तिथेच राहू देते.)

हरणाबाई : माझीच हाय.

धुळा : मग काढून देतो की. चुना अजून ओला हाय, पहारीनं निघंल.

हरणाबाई : कुठनं उचलली व्हती?

धुळा : आँ?

हरणाबाई : कुठल्या जागेवरनं?

धुळा : आता ते कसं सांगू? जांभळीखालनं असंल, न्हाईतर त्या वळणावरनं. जांभूळ तोडली, वळण बुजवलं. सपाट केल्यावर माझी भाकरी कुठल्या झाडाखाली ठेवायचो ते मलाच कळंना. आमी म्हसवडकडची माणसं आक्का, हितलं काय ठावं न्हाई. सिद्धनाथाची आण, आठवलं असतं तर सांगितलं असतं.

चांदसाहेब : नीट आठव रं.

धुळा : आठवतोयच की मुकादम.

हरणाबाई : राहू द्या त्याला.

चांदसाहेब : पोरगा व्हता का बाई?

हरणाबाई : पोरगी. पाचव्या महिन्यात गेली. बारसं राहिलं व्हतं. ती पोटात व्हती तवा आमचं मालक लढाईवर गेलं, तिकडं ब्रह्मदेशाला. हवालदार हाईत. म्हणलं सुट्टीवर आलं की नाव ठेवू. सुट्टी काय मिळाली न्हाई.

चांदसाहेब : आणि इतक्या सालात तुमी एकदा बी आला न्हाई इथं?

हरणाबाई : बाईमाणसानं यायचं नसतंय. दीर म्हणायचा, वैनी, तळी ठेवलीय, जागा हलायची न्हाई. मागल्या साली पटकीत दीर बी गेला. मी आज पैल्यांदाच आली.

चांदसाहेब : मग आजच का?

हरणाबाई : लढाई संपली, ते शनवारी कराडच्या टेसनावर उतरणार. पलूसचा एक शिपाई पुढं आला, त्याच्या तोंडी सांगावा धाडलाय. आलो की घरात पाय टाकायच्या आदी पोरीची जागा दाखव, म्हणून. मलाच ठावं न्हाई तर काय दाखवू? म्हणून आली.

चांदसाहेब : बाई, एक सांगू? राग मानू नका. आपण एक बरी जागा बघू, झाडाचा खड्डा नसंल अशी. तळी काढून वर ठेवू. त्यांनी पोरगी बघितली न्हाई, जागा काय वळखणार?

हरणाबाई : ते न्हाई वळखणार. मला ठावं असंल की.

चांदसाहेब : आमच्यात कबर ठेवतात. साधी माती असती, पर माणूस जाऊन उभा तरी राहतो. माझ्या हातनं लय मोठी गलती झाली. मला शिव्या द्या, न्हाईतर रडून तरी घ्या.

हरणाबाई : रडू येत न्हाई मुकादम. तवा बी आलं न्हाई. भाकरी थापत व्हती, दीर पोरीला घेऊन गेला, मी राहिलेल्या थापल्या. तवापासनं आत कायच हलत न्हाई. तुमाला कुठल्या शिव्या देऊ? ते खड्डं झाडांसाठी काढलेत?

चांदसाहेब : व्हय. गुलमोहर लावायचे.

हरणाबाई : खणताना काय निघालं?

धुळा : मुळ्या, खापरं. आन बारीक हाडं बी निघाली आक्का. आमी म्हणलं कोकराची असतील.

चांदसाहेब : धुळा, गप.

हरणाबाई : बोलू द्या. कुठं टाकली?

धुळा : टाकली न्हाईत. मातीसंगंच हाईत. त्या ढिगात.

हरणाबाई : आन ढीग कुठं जाणार?

चांदसाहेब : तिकडं भराव घालायचाय. उंचवटा करून वर झोपाळे लावणार, लहान पोरांसाठी. अध्यक्षसाहेब पुण्याला तसली बाग बघून आलेत.

हरणाबाई : बरं हाय.

चांदसाहेब : मी साहेबांना सांगून बघतो. काम थांबंल असं वाटत न्हाई, कलेक्टरसाहेब यायचं ठरलंय. पर सांगतो.

हरणाबाई : नका सांगू. थांबवून तरी त्यातली माझी कुठली, ते कोण निवडणार? माती वाहायला कोण हाय?

चांदसाहेब : बाया लावल्यात. सोमवारपासनं.

हरणाबाई : त्यात मला घ्या. रोजाचं पैसं नकोत.

चांदसाहेब : तुमी? हवालदाराच्या घरची बाई, ऊस असंल तुमचा मळ्यात. डोक्यावर पाटी बघून लोक काय म्हणतील?

हरणाबाई : म्हणू द्या. दुसरी कोण बी पाटी आपटून रिकामी करंल. मी हळू टाकीन.

चांदसाहेब : ...या मग. तुमच्यासाठी एक पाटी बाजूला काढून ठेवतो.

हरणाबाई : दोन ठेवा. ते बी येतील.

धुळा : हवालदार माणूस माती उचलंल व्हय आक्का?

हरणाबाई : उचलतील. पोरीला एकदा बी उचललं न्हाई त्यांनी.