मुकुंदशेटची बाबागाडी

मंडळी, पेटीवाले जरा बोटं मोडून घेतायत, तोवर एक प्रश्न विचारतो. सोपा आहे, घाबरू नका. माणसाला लाज कशाची वाटावी?

सांगा की! फाटक्या सदऱ्याची? – तिकडून एक जण म्हणाले, "चुकल्याची!" कोण ते? खांबामागचे का? वा! बरोबर बोललात हो! पण खांबामागून बोललात! बरोबर उत्तर द्यायलासुद्धा पुढे यायची लाज वाटली!

हसू नका फार. आज आख्यान त्याचंच आहे. यात राजा नाही, राक्षस नाही, आकाशातून फुलं पडत नाहीत. एक भांड्यांचं दुकान आहे, आणि एक बाबागाडी आहे. बाबागाडीचं आख्यान कुठल्या बुवांनी लावलेलं ऐकलंय का? नाही ना? मग ऐका.

आपल्याच जिल्ह्यातलं एक गाव. नाव सांगणार नाही, तिथे मला पुढच्या माघात कीर्तनाला जायचंय! त्या गावात मुकुंदशेट कासार यांचं तांब्यापितळेच्या भांड्यांचं दुकान. देवळाचे पंच. कीर्तनाला पहिल्या रांगेत, मांडी मोडायची नाही, डुलकी घ्यायची नाही. सरळ माणूस! कुणी बाई पातेलं घ्यायला आली, की मुकुंदशेट ते फरशीवर ठेवायचे आणि दोन बोटांनी काठ दाबायचे. डुगडुगलं? – परत मांडणीवर! आणि वर सांगायचे, "बाई, चकाकी बघू नका. चकाकी चिंचेनंही येते. बूड बघा, बूड!" चाळीस वर्षं हे एकच वाक्य. गावातल्या पोरांना पाढे येत नसत, पण हे पाठ!

त्यांना एक सून. रेवती. मुलगा निनाद बोटीवर नोकरीला, सहा-सहा महिने समुद्रात. त्यानं स्वतः पसंत केलेली मुलगी. हुशार, हसरी. पण लहानपणी झाडावरून पडली, पायाचं हाड बसलं ते वाकडंच बसलं. एक पाय दोन बोटं आखूड. चालताना एका अंगाला झुकायची. मुकुंदशेटनी लग्नाला नाही म्हटलं नाही. गाव म्हणालं, "काय मन आहे शेटचं!"

काय मन आहे, ते आता बघू.

घरात चार माणसं आली, की शेट म्हणायचे, "रेवती, तू बस. उभी राहू नकोस." हळदीकुंकवाला बायका आल्या – "रेवती, तू बस." फोटो काढायचा – "तिला खुर्ची द्या रे!" लोक म्हणायचे, सुनेला किती जपतात! आणि मंडळी, शेटनाही तसंच वाटायचं. स्वतःलाच फसवायचं म्हटलं, तर आपल्याइतका हुशार कुणी नसतो! कारण घरात कुणी नसताना रेवती दिवसभर उभी असायची. दोन हंडे उचलायची, माळ्यावर चढायची. तेव्हा नाही म्हणाले शेट कधी, "तू बस." समजलं का? बसलेल्या माणसाचं लंगडणं दिसत नाही!

रेवतीला मुलगी झाली. त्या गावात रीत अशी, की सव्वा महिना झाला की आईनं बाळाला घेऊन देवळात जायचं आणि स्वतःच्या हातानं देवाच्या पायाशी ठेवायचं. आईनंच! शेट म्हणाले, "बाळाला आत्या घेईल. तुला त्या उंचसखल दगडी बोळातून जमायचं नाही."

रेवती म्हणाली, "बाबा, मला कडेवर घेऊन भीती वाटते, खरंय. पण गाडी असेल तर मी नेईन. उभं राहून मीच ठेवीन तिला देवाच्या पायाशी."

एवढंच मागणं हो! दागिना नाही, साडी नाही. आपली लेक आपल्या हातानं देवापुढे ठेवायची!

शेटना गाडीची कल्पना आवडली. पहिली नात, पहिलीच फेरी, सगळा बोळ बघणार – गाडी अशी पाहिजे की बघत राहावं! निघाले सासरा-सून दोघं जिल्ह्याच्या गावी. बाळ आत्याजवळ ठेवलं.

दुकानात शिरले. पहिलीच गाडी – अहाहा! आकाशी रंग, चांदीसारख्या दांड्या, वर झालर, एका बोटानं मिटते, आणि हँडलला चहाचा कप ठेवायला खोबण! बाळाच्या गाडीत चहा कुणासाठी, देव जाणे! शेट हरखले. "हीच!"

रेवती मात्र कोपऱ्याकडे बघत होती. तिथे एक करड्या रंगाची गाडी. जाड चाकं, सरळ दांडा, वजनाला दणकट. रेवतीनं काय केलं? आधी आकाशी गाडीच्या दांड्यावर दोन्ही तळहात ठेवले आणि दाबले. पुढची चाकं उचलली गेली! मग करडीचा दांडा दाबला. हलली नाही. पुन्हा दाबला. जागच्या जागी! मंडळी, ही परीक्षा ती कुठे शिकली असेल? सासऱ्याच्या दुकानात, दुसरीकडे कुठे?

मग तिनं करडी गाडी ढकलली. दांड्याला धरून दुकानाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गेली. झुकली नाही! पाठ ताठ, मान वर. वळली, परत आली. दुकानातली मुलगी म्हणाली, "ताई, किती छान चालता!" रेवतीच्या चेहऱ्यावर काय आलं असेल? बाळाचं तोंड पहिल्यांदा बघतानाही आलं नसेल, असं काहीतरी!

शेटनी पाहिलं. हो, पाहिलं! नीट पाहिलं! आणि पोटातून जे वर आलं ते बोलून गेले –

"हिच्यावर रेलून चालायला लागलीस, म्हणजे लोकांना कळेल गाडी कुणासाठी आणली ते. गाडी नातीसाठी घ्यायचीय. तुझ्यासाठी नाही."

...

बघा, कशी शांतता झाली मंडपात! दुकानातही अशीच झाली होती. दुकानातल्या मुलीनं मान खाली घातली. रेवतीनं दांड्यावरचे हात काढून घेतले. म्हणाली, "तुम्हाला आवडेल ती घ्या, बाबा."

आकाशी गाडी घरी आली.

सव्वा महिन्याचा दिवस. बोळात दुतर्फा माणसं. गाडीत बाळ, बाजूला आत्या, पुढे मुकुंदशेट रेशमी टोपीत. "शेट, गाडी कुठली हो?" शेटचं एकच काम – किंमत सोडून सगळं सांगायचं! मागे रेवती गाडी ढकलतेय, पण तिच्यावर भार न देता, झुकत, तोल सांभाळत. शेटनी एकदाही मागे वळून बघितलं नाही.

देवळाच्या दारात गटारावरचा दगड थोडा वर आलेला. चाक अडलं. ते उचलायला रेवतीनं दांडा जरासा दाबला – आणि गाडी उलटली, मागे, तिच्याच अंगावर! अगं आई गं! पण तिनं बाळाला झेललं! छातीशी धरलं, आणि बाळाला जमीन लागू नये म्हणून स्वतः गुडघ्यांवर आपटली. बाळ रडलंसुद्धा नाही. आईचे दोन्ही गुडघे फुटले.

आणि मुकुंदशेट? धावले हो, सगळ्यात आधी धावले! धावले आणि दोन्ही हातांनी उचललं काय? – गाडी! गाडी उचलली! उभी केली, झालर झटकली, लोकांकडे बघून हसले. "काही नाही, काही नाही! मोडली नाही!"

मोडली नाही म्हणे!

देवळापुढे फुलं विकायला बसायची ती गंगूआक्का. तिनं आधी रेवतीला उठवून पायरीवर बसवलं, पदरानं गुडघे पुसले. मग म्हणाली, "शेट, पातेलं घेताना तुमी मला काय सांगितलं व्हतं? चकाकी बघू नको, काठ दाबून बघ. मग ही गाडी घेताना काठ न्हाई का दाबला?"

सगळा बोळ शेटकडे बघायला लागला. आणि त्या क्षणी पायरीवरून, बाळाला छातीशी धरून, रेवती म्हणाली,

"आक्का, बाबांना नका बोलू. गाडी मीच निवडली."

ऐकलंत? तिनं त्यांची लाज झाकली! ज्या माणसानं तीन वर्षं तिला खुर्चीत बसवून झाकलं, त्याची लाज तिनं एका वाक्यात झाकली! आणि मुकुंदशेटनी काय करायला हवं होतं? एक शब्द – "नाही." बस! "नाही, मी निवडली." पण जीभ उचलली नाही. मघाशी गाडी उचलली गेली, जीभ नाही. टोपी सारखी करत राहिले. बाळाला आत्यानं आत नेलं, आत्यानंच देवाच्या पायाशी ठेवलं. आई बाहेर पायरीवर!

दुसऱ्या दिवशी सकाळी दुकान उघडलं. एक नवी नवरी आईबरोबर पातेलं घ्यायला आली. शेटनी ते फरशीवर ठेवलं. बोटं काठावर ठेवली. तोंड उघडलं – "बाई, चकाकी..." पुढे शब्द येईना. चाळीस वर्षांचं वाक्य अर्ध्यावरच राहिलं! आई म्हणाली, "शेट, बरं नाही का?" शेट म्हणाले, "नाही. बरा नाही मी." पातेलं तसंच तिच्या हातात दिलं, शटर ओढलं आणि एसटी पकडली.

करडी गाडी अजून त्याच कोपऱ्यात होती. दुकानातल्या मुलीनं ओळखलं. खाली बघत पावती केली. शेटनाही तिच्याकडे बघवेना.

ती गाडी मिटत नाही हो! एसटीत कंडक्टरशी हुज्जत घालून, तिचं सामानाचं तिकीट काढून आणली! स्टँडवर उतरले. रिक्षावाला म्हणाला, "शेट, टाका मागे." नको म्हणाले. आणि भर बाजारातून, धोतर-टोपीतला तो पासष्ट वर्षांचा माणूस, रिकामी बाबागाडी ढकलत निघाला!

लोक विचारणारच. "शेट, आणखी एक? कुणासाठी?"

"सुनेसाठी. हिला धरून तिला चालायला बरं पडतं. कालची मी निवडली होती. तिला ही हवी होती, मला तिची लाज वाटली."

किराणावाल्यापुढे हेच. शिंप्यापुढे हेच. न्हाव्याच्या दुकानात चार टाळकी बसलेली, तिथे आपणहून थांबून हेच! कान लाल, डोळे खाली, पण वाक्य पूर्ण. शेवटी गंगूआक्कापुढे. तिनं ऐकून घेतलं आणि मोगऱ्याची एक पुडी गाडीत ठेवली. पैसे विचारले, तर नको म्हणाली.

घरी आले. रेवती दारात. गुडघ्यांना पट्ट्या. शेट म्हणाले, "काल मी गप्प बसलो."

रेवती म्हणाली, "बाबा, मला लागलं ते काल नाही. त्या दुकानात लागलं."

 शेटनी गाडी तिच्यापुढे सरकवली. माफी मागून मोकळं व्हायलाही आता त्यांना लाज वाटली. रेवतीनं गाडीच्या दांड्यावर तळहात ठेवले, दाबले. एकदा. दोनदा. म्हणाली, "डुगडुगत नाही." माफ केलं का? ते तिनं सांगितलं नाही, आणि शेटनी विचारलं नाही. पण त्या संध्याकाळी त्याच बोळातून ती ताठ चालत गेली. या खेपेला शेट पुढे नव्हते, मागे होते. आणि लेकीला तिनं स्वतःच्या हातानं, उभं राहून, देवाच्या पायाशी ठेवलं.

मंडळी, तुम्ही म्हणाल, काय तरी तो मुकुंदशेट! थांबा. माझी आई. ऐकू कमी यायचं, म्हणून मोठ्यानं बोलायची. भर कीर्तनात विचारायची, "काय म्हणाला रे हा?" मी, तुमचा हा बुवा, तिला म्हणालो, "आई, तू घरी आराम कर." आराम! शेवटची सात वर्षं तिनं माझं एकही कीर्तन ऐकलं नाही. आता पहिल्या रांगेत रिकामी जागा दिसली, की मला मान वर करवत नाही.

आता तुम्ही सांगा. आज घरी कुणाला "तू बस" म्हणून आलात? हात थरथरतो म्हणून प्रसाद सांडेल, असं वाटून कुणाला ठेवून आलात? अडखळत बोलतो म्हणून? मध्येच ओरडतो म्हणून? माझ्याकडे बघू नका. आपल्या बाजूला बघा, कोण नाहीय ते.

आरतीची वेळ झाली. तबक तयार आहे. पण मी आरती सुरू करणार नाही. गाव लहान आहे, घरं जवळ आहेत. जा, घेऊन या!

...

हां. खांबामागचे ते उठले. चप्पल शोधतायत. वाट द्या रे त्यांना! आणि कुणी विचारू नका, कुणाला आणायला चाललेत.

सावकाश या, काका. त्यांच्या चालीनं या. निरांजनात तूप भरपूर आहे, आम्ही थांबलोय.