न्यूफाउंडलंडात अर्धा तास उशिरा

...आणि वर मला विचारतात काय, तर म्हणे, ‘मिस्टर टिझर्ड, ही पदवी अंतरावरची आहे ना हो?’ आता काय बोलायचं, तुम्हीच सांगा! अंतरावरची म्हणे! अहो, आमच्या खाडीवर अंतरावरचं नाही असं आहे काय? डॉक्टर अंतरावरचा, दात काढणारा अंतरावरचा, पाद्री तर महिन्यातून एकदा बोटीने यायचा, समुद्र खवळला की तोही नाही... त्याने लावलेली लग्नं मान्य, त्या लग्नांतून झालेली पोरं मान्य, मी त्यांतलाच एक, म्हणजे मीसुद्धा मान्य, फक्त माझी पीएचडी तेवढी समितीपुढे! हे विचारणाऱ्या थॉर्नहिलबाई म्हणजे मी शिकवतो त्या कॉलेजच्या डीन, टोरंटोहून आलेल्या. वाईट नाहीत बाई. बिस्किटं पुढे करतात. पण बिस्किटं देऊन झाली की म्हणतात, ‘समिती बघतेय.’

तुम्हाला सांगतो, हे आजचं नाही. लहानपणी रेडिओ लावला की टोरंटोचा तो माणूस भारदस्त आवाजात सांगायचा, ‘हा कार्यक्रम आठ वाजता...’ मग जरासा थांबायचा, दार लावल्यावर किल्ली आत राहिल्याचं आठवावं तसा, आणि म्हणायचा, ‘न्यूफाउंडलंडात अर्धा तास उशिरा.’ सगळ्या देशाचं घड्याळ तासातासाने सरकतं, आमचंच मेलं अर्ध्याने! सगळ्यांना आठ, आम्हाला साडेआठ! आई चुलीशी टूटन, म्हणजे पावाच्या पिठाच्या जाड पुऱ्या, तळत असायची, ती म्हणायची, ‘आली बाबा आपली आठवण. शेवटी का होईना, आली.’ आणि आम्ही पोरं कार्यक्रमाची नाही हो, त्या वाक्याचीच वाट बघायचो! एवढ्या मोठ्या देशाने आपल्याला नावाने हाक मारली असं वाटायचं. ते गरम टूटन, वर काकवीची धार, खिडकीबाहेर धुकं... असो. काय सांगत होतो? हां, आई.

आई म्हणजे ड्रुसिला टिझर्ड, वय ब्याण्णव, शिक्षण चौथी. तेव्हा आम्ही बेटावर राहायचो, शाळा एका खोलीची, मास्तरीण मिळाली तर मिळाली. मी सात वर्षांचा होतो. सरकारने सांगितलं, पोरांना धड शाळा हवी तर बेट सोडा. वडील हटून बसले. तेव्हा आई म्हणाली, ‘घर हलवता येईल. पोरगं अडाणी राहिलं तर ते कुणाच्यानं हलायचं नाही.’ आणि हलवलं हो घर! म्हणजे सामान नव्हे, घर! खाली पिंपं बांधली, पुढे पाच होड्या, सगळ्यांत पुढे वडिलांची, आणि दुमजली घर पडद्यांसकट पाण्यावरून खाडी ओलांडून इकडे. मी वडिलांच्या होडीत मागे तोंड करून बसलो होतो. आपलंच घर आपल्या मागे मागे येतंय आणि बेट लहान लहान होत चाललंय... अजून डोळे मिटले की दिसतं. तेव्हा रडलो नव्हतो, आता येतं रडू.

एवढा आटापिटा कशासाठी? घर शाळेजवळ जावं म्हणून. आणि मी पंचावन्नाव्या वर्षी काय केलं? शाळाच घरात आणली! त्याच स्वयंपाकघरात, त्याच टेबलावर, इंग्लंडमधल्या विद्यापीठाची पीएचडी, विषय बेटांवरच्या एकखोली शाळा. आईची एकच मागणी. कॉलेजात माझ्या दारावर ‘डॉ. सेल्बी टिझर्ड’ अशी पाटी लागली की तिला तिथे न्यायचं, आणि तिने ती बोट लावून वाचायची. बस्स.

खर्च? खर्चाचं नाव काढू नका... काढलंतच? मग ऐका. फी पौंडात! त्यात मी ‘परदेशी विद्यार्थी’, म्हणून जवळजवळ दुप्पट! अहो, मी चुलीपासून चार पावलं हललो नाही, परदेशी कसला? वर जिमखान्याचे पैसे वेगळे! सात वर्षं भरले. माझ्या पैशांनी तिकडे कोण घाम गाळतंय देव जाणे! पाचव्या वर्षी वडिलांची होडी विकावी लागली. तीच, घर ओढून आणणारी. मी नको म्हणत होतो, आई म्हणाली, ‘वीक. तिने घर पोचवलं, आता तुला पोचवू दे.’ घेतली कुणी, तर शेजारच्या एल्ड्रेड कीपिंगने. रोज सकाळी माझ्याच खिडकीखालून नेतो आणि हाळी देतो, ‘काय डॉक्टर, झालात का मान्य?’ त्याचं काही वाटत नाही. होडीकडे बघवत नाही.

तर तोंडी परीक्षेचं पत्र आलं. कॉम्प्युटरच्या पडद्यावरूनच घेणार होते. पत्रात लिहिलेलं, ‘सकाळी साडेदहा, तुमच्या वेळेप्रमाणे.’ मी हसलो. आमच्या वेळेप्रमाणे! यांना काय ठाऊक आमची वेळ? फार तर शेजारच्या हॅलिफॅक्सची बघितली असणार. म्हणजे तिथे साडेदहा, आणि न्यूफाउंडलंडात? अर्धा तास उशिरा! अकरा! आई म्हणाली, ‘सेल्बी, साडे लिहिलंय. तो साडे आपलाच आहे बघ. नाहीतर साडेला कोण परीक्षा ठेवतं?’ चौथी शिकलेली बाई हो! आणि मी, सात वर्षं पौंड मोजलेला विद्वान, तिला म्हणतो, ‘आई, आपल्या स्वतःच्या देशाने कधी आपला अर्धा तास आधी धरला नाही, इंग्लंडवाले कुठून धरतील?’ निवांत दाढी केली. टाय बांधला, सोडला, पुन्हा बांधला. खारवलेला मासा नको म्हटलं, ढेकर आला तर... आणि बरोब्बर अकराला पडदा उघडला.

तिघं बसले होते. कप रिकामे. मधल्या पांढऱ्या केसांच्या प्राध्यापकबाई म्हणाल्या, ‘मिस्टर टिझर्ड, तुमचा अर्धा तास आम्ही आधीच धरला होता.’

काय सांगू तुम्हाला... आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी आम्हाला शेवटी नाही, आधी धरलं होतं, आणि माझा विश्वास बसला नव्हता! म्हटलं, गेली सात वर्षं, गेली होडी. बाई म्हणाल्या, ‘हा आमचा पहिला प्रश्न समजा. उशीर का झाला?’ मग काय, रेडिओ सांगितला, टूटन सांगितले, पाण्यावरचं घर सांगितलं, हे स्वयंपाकघर तेच, असं म्हणून सगळ्या भिंती फिरवून दाखवल्या. तासभर! माझ्या प्रबंधातलं त्यांना सगळ्यात आवडलेलं प्रकरण कोणतं, तर जे प्रबंधात नव्हतंच! आणि केलं हो मला डॉक्टर. आई मागे खुर्चीवर बसलेली, टाळ्या नाहीत, काही नाही, एप्रनने डोळे पुसले आणि म्हणाली, ‘मी म्हटलं होतं, साडे आपलाच आहे.’

शिक्क्याचा कागद आला, तो घेऊन थॉर्नहिलबाईंकडे गेलो. बिस्किटं खाल्ली. ‘समिती बघतेय.’ घरी येऊन आईला सांगितलं, इंग्लंडात मान्य, टोरंटोत विचारून आलो तर तिथेही मान्य, फक्त आपल्या कॉलेजात अजून नाही. पाटी नाही. आईने शांतपणे कप विसळला. ‘होईल रे. सगळीकडे झालास ना डॉक्टर? मग न्यूफाउंडलंडात अर्धा तास उशिरा.’

त्याला आता चौदा महिने झाले. रोज सकाळी ती चहा ओतते, भिंतीवरच्या घड्याळाकडे बघते आणि विचारते, ‘झाला का रे तो अर्धा तास?’

मी म्हणतो, ‘होतोय, आई. टिनचं दूध जरा जास्त घाल.’