पद भरलेले असल्याबाबत

नाव : ओळखपत्र पाहून ठाण्याच्या दप्तरी घेतले आहे. वय : सत्त्याहत्तर वर्षे. धंदा : सेवानिवृत्त, पूर्वी मध्यवर्ती बसस्थानकात उद्घोषक. राहणार : पाण्याच्या जुन्या टाकीमागील वसाहत, तळमजला.

मी समक्ष ठाण्यात हजर असून विचारल्यावरून सांगतो की, चौथीच्या वर्गात आम्ही सगळी मुले कविता एका सुरात म्हणत असू, आणि त्या सुरात एक आवाज सगळ्यांच्या अर्धा शब्द पुढे असे. ओळ संपेपर्यंत त्या आवाजाला धीर निघत नसे. गुरुजी टेबलावर पट्टी आपटून विचारत, "कोण आहे गं ती? गाडी सुटतेय का तुझी?" तो आवाज खिडकीजवळच्या बाकावरील मुलीचा होता. पुढे ती माझी पत्नी झाली. ती माझ्याहून काही महिन्यांनी मोठी आहे. हे तिने कधीही मान्य केलेले नाही.

हा मजकूर प्रकरणाशी संबंधित नाही, असे जबाब लिहून घेणाऱ्या हवालदारांचे म्हणणे पडले. ते म्हणाले, "आजोबा, शाळेपासून निघालात तर सभागृहापर्यंत पोचायला आपल्याला उजाडेल." मी म्हणालो, संबंधित आहे, आणि जबाब माझा आहे. ते म्हणाले, "बरं, बोला." म्हणून लिहिले आहे.

गेल्या हिवाळ्यात माझ्या पत्नीला पक्षाघाताचा झटका आला. हातपाय बऱ्यापैकी सुधारले. वाचा मात्र गेली. तिला सगळे समजते. कोण खरे बोलतो, कोण थापा मारतो, हेसुद्धा पूर्वीसारखेच समजते. फक्त शब्द ओठांपर्यंत येतो आणि मागे फिरतो. सरकारी रुग्णालयातील डॉक्टरांनी सांगितले की पहिले वर्ष महत्त्वाचे. जे परत यायचे ते बहुतेक त्या वर्षात येते, नंतर फार हळू. त्यांनी आम्हाला वाचा-उपचाराच्या खोलीत पाठवले.

त्या खोलीतील मॅडम वयाने माझ्या मुलीएवढ्या. पहिल्या दिवशी त्यांनी पत्नीला चित्रे दाखवली. कप, चावी, छत्री. पत्नीने मान वळवली. तेव्हा मॅडमनी मला विचारले, "आजोबा, यांना काही पाठ येतं का? गाणं, पाढे, काहीही?" मी म्हणालो, अहो, कविता येतात. चौथीच्या पुस्तकातल्या तर सगळ्या. मॅडम म्हणाल्या, "मग तुम्ही म्हणा. शेवटचा शब्द सोडून द्या."

मी म्हटले, "ढग आला, ढग गेला, डोंगर जागी…" आणि थांबलो. मॅडमनी गुडघ्यावर बोटांनी ठेका धरला होता. तळवा थोडा वर उचलून त्यांनी मला थोपवले, म्हणजे आणखी थांबा. मी थांबलो. पत्नी म्हणाली, "उभा."

पाठ केलेले मेंदूत दुसऱ्या जागी राहते, तिकडून वाट काढता येते, असे मॅडमनी समजावले. मला त्यातले शास्त्र कळत नाही. एवढे सांगतो की, काही आठवड्यांत ओळीचा शेवटचा शब्द मी सोडायच्या आधीच पत्नी म्हणू लागली. मग एका सकाळी मी चष्मा शोधत होतो, तर ती मागून म्हणाली, "अहो." कवितेतला नव्हे, तिचा स्वतःचा. चष्मा कपाळावर होता.

यानंतर मॅडम दिसेनाशा झाल्या. खोलीला कुलूप. खिडकीवरील कारकुनाने सांगितले, "मॅडम आहेत, पण इथे नाहीत." कुठे आहेत? "कामगिरीवर गेल्यात." कधी येतील? "ते वरच्यांना माहीत." मग दुसऱ्या मॅडम द्या. "कशा देणार? पद भरलेलं आहे ना." मी अधीक्षकांना भेटलो. ते सज्जन गृहस्थ आहेत. त्यांनी चहा मागवला आणि सांगितले की, पद रिक्त असते तर मागणी करता आली असती, पण माणूस पदावर असताना त्याच पदासाठी माणूस कसा मागायचा? मी म्हणालो, साहेब, माझ्या पत्नीला पद शिकवणार आहे का बोलायला? ते म्हणाले, "तुमचा त्रास मला समजतो." बसस्थानकात गाडी रद्द झाली की मीसुद्धा माइकवरून "प्रवाशांच्या गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत" असे म्हणत असे. तेव्हा प्रवासी माझ्या खिडकीकडे तसे का बघत, ते त्या दिवशी कळले.

मी घरी प्रयत्न केला. मी ओळ म्हणतो, थांबतो, पण नेमके किती थांबायचे ते मला जमत नाही. मी घाई करतो किंवा शब्द सांगून टाकतो. पत्नी चिडते. आता ती ओळीच्या शेवटी माझ्याकडे बघतही नाही. "अहो" ऐकून बरेच दिवस झाले. दिवस मोजलेले नाहीत.

आमच्या भागातून निवडून आलेल्या सदस्यबाईंकडे मी गेलो. त्यांनी ऐकून घेतले आणि सभागृहात आरोग्यमंत्र्यांना प्रश्न टाकला. तज्ज्ञाअभावी उपचार बंद आहेत हे खरे आहे काय. असल्यास, पद कधी भरणार. नसल्यास, विलंबाची कारणे काय, अशा धर्तीचा तो प्रश्न होता. तो आज पुकारला जाणार म्हणून त्यांनी मला प्रेक्षक गॅलरीचा पास दिला. पत्नीजवळ शेजारच्या वहिनी बसल्या. निघताना मी पत्नीला सांगितले की, आज मंत्री तुझ्याबद्दल बोलणार. तिने माझ्या सदऱ्याचे वरचे बटण लावून दिले.

गॅलरीच्या दाराशी फोन, पेन, छत्री आणि खिशातील गोळ्यांची डबी काढून घेण्यात आली. तेथील रक्षकाने नियम सांगितले : टाळी वाजवायची नाही, हात करायचा नाही, पायावर पाय टाकून बसायचे नाही, बोलायचे तर नाहीच. "काका, झोपलात तरी चालेल. घोरू नका."

खाली लाकडी बाके, वर मोठे दिवे. अध्यक्षांच्या डाव्या हाताला एक कठडा असून त्याआड अधिकारी बसतात. मंत्र्यांना आकडा, तपशील लागला की तिकडून चिठ्ठी जाते. आमचा प्रश्न पुकारला गेला. मंत्री उभे राहिले. त्यांचे बोलणे तोंडातल्या तोंडात राहते म्हणून अध्यक्ष त्यांना नेहमी "पुन्हा सांगा, ऐकू आले नाही" म्हणतात, असे वर्तमानपत्रात मी वाचलेले आहे. आज एकेक शब्द सुटा येत होता. माझ्या शेजारचे गृहस्थ कुजबुजले, "काय सुधारलाय हो! मागल्या वेळी अर्धं उत्तर मिशीतच अडकलं होतं."

मंत्री म्हणाले, "हे खरे नाही. पद भरलेले आहे." त्यानंतरच्या भागांबाबत ते म्हणाले, "प्रश्न उद्भवत नाही." सदस्यबाई उठल्या. म्हणाल्या, "पद भरलेलं आहे, मग खोलीला कुलूप का?" मंत्र्यांनी उत्तर दिले की, त्या खोलीवर शासनाने भरीव खर्च केलेला असून भिंतींना आवाज शोषणारे अस्तर बसवलेले आहे. हे खरे आहे. खोली अतिशय शांत आहे. सदस्यबाई म्हणाल्या, "मी भिंतींचं विचारत नाहीये. माणूस कुठे आहे?" विरोधी बाकांवरून कोणीतरी "अस्तरात!" असे ओरडले. हशा झाला.

मंत्री क्षणभर अडखळले. शब्द गिळू लागले. त्यांनी कठड्याकडे पाहिले. मीही तिकडे पाहिले. तिथे, फाईल मांडीवर घेऊन, मॅडम बसल्या होत्या. त्यांची बोटे गुडघ्यावर ठेका धरून होती. त्यांनी तळवा थोडा वर उचलला. मंत्री थांबले. श्वास घेतला. तळवा खाली गेला. मंत्री स्वच्छ, खणखणीत आवाजात म्हणाले, "संबंधित तज्ज्ञ त्या रुग्णालयात नियमितपणे रुग्णांना उपचार देत आहेत."

मी उभा राहिलो. उभे राहायचे ठरवले नव्हते. चाळीसेक वर्षे ज्या शब्दांनी तोंड उघडले तेच बाहेर पडले : "कृपया इकडे लक्ष द्यावे!" माझा आवाज मी चढवलेला नव्हता. तो तसाच आहे. इंजिने चालू असलेल्या स्थानकात तो शेवटच्या फलाटापर्यंत जात असे. सगळे सभागृह वर पाहू लागले. अध्यक्षही. मी म्हणालो, "त्या मॅडम रुग्णालयात नाहीत. त्या तुमच्यासमोर बसल्यात. कठड्याआड, निळ्या साडीत. माझी बायको घरी गप्प बसलीये आणि त्या तुम्हाला बोलायला शिकवतायत." एवढेच बोललो. शिवीगाळ केलेली नाही. काही फेकलेले नाही. फेकण्यासारखे सर्व दारातच जमा होते.

मॅडमनी मान खाली घातली. त्यांनी माझ्याकडे पाहिले किंवा नाही, हे मी सांगू शकत नाही. मंत्री म्हणाले, "वयोवृद्ध गृहस्थ आहेत, त्यांचा गैरसमज झालेला आहे, माझी त्यांना सहानुभूती आहे." हे त्यांना कोणाच्याही ठेक्याशिवाय जमले. अध्यक्षांनी माझे बोलणे कामकाजातून काढून टाकायला सांगितले. रक्षकांनी मला दंडाला धरून बाहेर नेले. त्यांनी मारहाण केलेली नाही. ज्याने झोपायला परवानगी दिली होती तो म्हणाला, "काका, काय केलंत हे!" आत तोवर पुढचा प्रश्न सुरू झाला होता, उद्यानांतील बाकांविषयी.

ठाण्यात आणल्यावर येथील फौजदार साहेबांनी मला पाणी दिले. सभागृहाच्या सुरक्षा अधिकाऱ्यांनी दोन ओळींचा मजकूर सोबत आणला होता : वयोमानामुळे दृष्टी क्षीण असून, दुसऱ्याच महिलेला तज्ज्ञ समजून, गैरसमजातून मी ओरडलो, त्याबद्दल खेद आहे. साहेब म्हणाले, "आजोबा, हे जबाबात घेऊ, तुम्ही सही करा, गाडीने घरी सोडतो. नाहीतर प्रकरण सभागृहाच्या समितीपुढे जाईल. ते बोलावतील, बसवून ठेवतील. या वयात कशाला पाहिजे?" ते रागाने बोलले नाहीत.

मी सांगितले की, माझा मोतिबिंदू काढलेला आहे. लांबचे मला साहेबांपेक्षा चांगले दिसते. आणि हा मजकूर जबाबात गेला तर मंत्र्यांचे उत्तर खरे ठरेल. मॅडम रुग्णालयात आहेत असे मीच लिहून दिल्यासारखे होईल. मग पद भरलेलेच राहील, कुलूपही राहील, आणि अधीक्षक पुन्हा मला चहा पाजतील. वर्षातले दिवस मात्र जातील ते माझ्या पत्नीचे.

मुलीला फोन लावून देण्यात आला. ती परगावी असते. ती म्हणाली, "बाबा, सही करा आणि घरी जा. आई एकटी आहे." मी म्हणालो, वहिनी आहेत. ती म्हणाली, "बाबा, तुम्ही काय सिद्ध करणार आहात?" मी म्हणालो, काही नाही, फक्त मला दिसले ते दिसले. मग तिने विचारले, "आई काही बोलली का?" मी नाही म्हणालो. तिने सहीचा विषय पुन्हा काढला नाही.

हवालदारांनी हे लिहिताना कुठे किती पदे भरलेली असतात आणि ती माणसे कोणाच्या बंगल्यावर असतात याविषयी काही सांगितले. ते जबाबात घ्यायचे नाही असे आमचे दोघांचे ठरले.

समितीने बोलावल्यास मी जाईन. नियम मोडला आहे, तो मान्य आहे. प्रेक्षकाने बोलायचे नसते. परंतु मंत्री बोलले, सदस्य बोलल्या, अध्यक्ष बोलले, आणि ज्या बाईच्या बोलण्याविषयी हे सर्व चालले होते तिच्या वतीने तिथे कोणीच नव्हते.

येथपर्यंत लिहिलेले हवालदारांनी मला मोठ्याने वाचून दाखवले. वाचताना त्यांनी कवितेची ओळ दोनदा वाचली. शेवटी "गैरसमजातून" हा शब्द कोणाच्या तरी सांगण्यावरून आलेला होता, तो माझा नसल्याने मी खोडायला लावला आणि खोडल्या जागी आद्याक्षरे केली. बाकी सर्व मी सांगितले तसेच उतरले आहे.

मी सहीसाठी पुन्हा पेन मागत असताना दार उघडले. सदस्यबाई आल्या असाव्यात असे मला वाटले. आत आल्या त्या मॅडम. निळी साडी, गळ्यात सभागृहाचा अधिकारी-पास, सोबत कोणी नाही. सुरक्षा अधिकारी उठून म्हणाले, "मॅडम, तुमचं इथे काय काम? मंत्रिसाहेबांचं अजून एक उत्तर बाकी आहे." मॅडमना धाप लागली होती. त्या बोलायला गेल्या आणि थांबल्या. कोणी घाई केली नाही. मग त्या साहेबांना म्हणाल्या, "आजोबांचा गैरसमज झालेला नाही. तिथे मीच बसले होते. माझापण जबाब लिहून घ्या."

जबाब देणाऱ्यासाठी या टेबलापुढे एकच खुर्ची आहे. मी सही करतो आणि उठतो.