अंबाडा

मान खाली, मॅडम — हां, अश्शी. आणि विचारा की तुमचे प्रश्न, माझे हात चालू असले की तोंड आपोआप चालतं. काय म्हणत होतात — बदल झाला तर मन वळवून घेता येतं का? एक ते पाचात सांगायचं? पाच लिहा. अहो, बिनधास्त लिहा! गिऱ्हाईक म्हणतं टोकं तेवढी घ्या, आणि घेतली की म्हणतं, नको, खांद्यापर्यंतच करा — मी हूं की चूं करत नाही. तुम्ही ती मनाची लवचीकता मोजायला निघालाय ना, मग अगदी योग्य दुकानात आलात.

ती दुसरी खुर्ची? धाकट्या बहिणीची. आता ती समोर असते, रस्त्यापलीकडे, ते निळ्या दाराचं सलून तिचंच. भांडण म्हणजे काय — तिला खुर्ची खिडकीपाशी हलवायची होती, उजेड येतो म्हणे. मी म्हटलं, जिथे आहे तिथेच राहील. एवढ्याशा खुर्चीवरून कुणी वेगळं दुकान थाटतं का? ती थाटते! हट्टी आहे लहानपणापासून. मी तशी नाही हो, पाचच राहू द्या. खुर्ची? नाही हलवली. आता तर मुळीच नाही, इथून आरशात समोरचं सगळं दिसतं — म्हणजे तिच्याकडे गर्दी किती, वगैरे. धंद्यात लक्ष ठेवावं लागतं.

माझा अंबाडा बघताय होय? फॅशन नाही, कापायला कुणी नाही. स्वतःच्या मानेवरचे केस स्वतःला कापता येत नाहीत, आमच्या धंद्यातली ही गंमतच आहे. ती माझे कापायची, मी तिचे, रविवारी दुकान बंद झालं की. दुसऱ्या कुणाच्या हाती डोकं द्यायचं माझ्या जिवावर येतं. तीही हल्ली बांधूनच ठेवते. कमरेपर्यंत आलेत तिचे, रोज आरशात — म्हणजे सहज दिसतात. आठवण? येते की. जेवताना फार येते. पुढचा प्रश्न घ्या.

मन नको म्हणत असताना, आपल्याला जे मोलाचं वाटतं ते करता का? हा काय प्रश्न झाला! मन नको म्हणालं तर माणूस आधी जरा — थांबा. हलू नका, आरसा बघू द्या. ही काय करतेय? केस सोडलेत तिनं. पाठीमागे छोटा आरसा धरलाय आणि हातात — अगं बाई, स्वतःच कापायला निघालीय, वेडी! मागून वाकडे जाणार ते, चांगले वाकडे, आणि मग बसेल रडत, आणि पुसायलाही कुणी नाही तिथे.

उठू नका, बसून राहा. हो, डावी बाजू राहिलीय, ठाऊक आहे मला, येऊन करते. माझी कात्री घेऊन जातेय, तिच्या कात्रीला धार बरी नसते. आणि तो शेवटचा आकडा तूर्त कोरा ठेवा, मॅडम — मी आधी रस्ता ओलांडते.