एकेचाळिसाव्या वर्षीची तपासणी

मला ऑटिझम आहे का, हे तपासायला एकेचाळिसाव्या वर्षी मी शिरूरहून पुण्याला गेले ना, त्यात स्कूटरसाठी साठवलेले सगळे पैसे गेले. माझं लहानपण कळावं म्हणून डॉक्टरांनी आईलाही बोलावलं होतं.

“लहानपणी ही कशी होती?” त्यांनी विचारलं.

“चांगली होती की,” आई म्हणाली. “पाव्हण्यांचा गलका झाला की कान झाकून गोठ्यात जाऊन बसायची. हिचे वडीलबी तिथंच बसलेले असायचे.”

ऑटिझमच निघाला. डॉक्टरांनी तो आईला सावकाश समजावून सांगितला.

परतताना एसटीत आई म्हणाली, “माणसांत बसत न्हाईत म्हणून तुझ्या आप्पांशी मी जन्मभर भांडले. आता ते न्हाईत. आता हे कुणाला सांगू?”