बोटभर टोक

नाही, पण मला सांगा, ज्या झाडाला पाणी लागत नाही, खत लागत नाही, ऊन असलं तरी चालतं, नसलं तरी चालतं, त्याचा माणसाला आधी संशय यायला नको? मला नाही आला! मी आपली खुश! शेजारच्या काकू कुंपणावरून वाकून म्हणाल्या, "अगं, त्या नळाजवळ उघडी माती किती वाईट दिसते, हे घे, लाव, काही बघावं लागत नाही." आणि मी लावलं. किती? हे एवढं! बोटभर टोक हो, बोटभर! त्याला दोन पानं. त्यातलंही एक पिवळं.

आता तुम्हाला सांगते, हे घर आमचं नाही. पुढं लॉन आहे म्हणून मालकीणबाईंनी आधी लॉन दाखवलं आणि मग खोल्या. करारात खाली वेगळं लिहून घेतलंय, लॉन दिलं तसंच राहिलं पाहिजे, नाहीतर अकरा महिन्यांनी करार वाढणार नाही. आणि मला तर हे घर सोडायचंच नाही, कारण आमच्या ठमीची छाती भरते. जेमतेम वर्षाचं पोर, वारा बदलला की शिट्टी वाजल्यासारखा श्वास, आणि डॉक्टर कुठं? इथून चौथ्या दारात! मी वाजणाऱ्या पोरीला घेऊन निघाले तर डॉक्टरांच्या पायरीवर पोचेपर्यंत मोजून साठ पावलं. पूर्वीच्या घरापासून दोन बस बदलाव्या लागायच्या... ते दिवस नकोत बाई. म्हणजे बघा, लॉन गेलं की घर गेलं, घर गेलं की डॉक्टर गेला. आणि सगळं कशापायी? बोटभर टोकापायी!

पहिला महिना ते टोक निपचित. मी रोज विचारायचे, "काय गं, जगतेस ना?" जगतेस ना, म्हणे! दुसऱ्या महिन्यात नळ दिसेना. तिसऱ्यात बादली सापडेना. इकडं ठमी घरात रांगायला लागली, तिकडं ही वेल अंगणात रांगायला लागली, आणि खरं सांगते, ठमी तरी मध्ये झोपायची!

मग मी उपटायला बसले. वरून ओढलं की हातात येते हो, अगदी गरीब गायीसारखी येते. पण पेरापेराला मूळ! एक पेर मातीत राहिलं की आठ दिवसांत तिथं अख्खं खटलं उभं. ठमीला कडेवर घेऊन एका हातानं उपटायचं, ती दुसऱ्या बाजूनं माती खाणार, मी तिच्या तोंडात बोट घालणार, ती माझं बोट चावणार... कंबर म्हणजे कंबर राहिली नाही.

ह्यांना म्हटलं, "अहो, जरा बघता का?" हे म्हणाले, "तू उगाच टेन्शन घेतेस. मी बघतो." 'मी बघतो', म्हणे! ह्यांनी काय केलं असेल? कुणाचं तरी गवत कापायचं मशीन आणलं आणि फिरवलं वेलीवरून! घर्रर्र... घर्रर्र... हिरवा पाऊस नुसता! "बघ, दहा मिनिटांत काम!" कॉलर ताठ! अहो, पण प्रत्येक तुकड्याला पेर, आणि प्रत्येक पेराला मूळ! आतापर्यंत एका कोपऱ्यात होती, ती ह्यांनी स्वतःच्या हातानं अख्ख्या लॉनभर पेरली. पंधरा दिवसांनी उगवली तेव्हा हे काय म्हणाले माहितीये? "मशीनला धार नव्हती."

रोपं विकणाऱ्याकडे गेले. तो म्हणाला, "औषध मारा ताई. फक्त महिनाभर लेकराला लॉनवर सोडू नका." महिनाभर! जी पोरगी दार उघडलं की बाणासारखी सुटते तिला! आणि हिचा श्वास आधीच असा. बाटली हातात घेतली, वास घेतला, जागेवर ठेवून दिली. मग अंथरायच्या जुन्या चटया घातल्या वेलीवर, वर विटा. म्हटलं, मर अंधारात. तर आठव्या दिवशी चटईच्या चारी बाजूंनी डोकी बाहेर! जणू बघतायत, गेली का बाई आत? अहो, बोटभर टोक हो!

आणि त्यात मालकीणबाईंचा फोन. "रविवारी दहाला येते. करार बघू, लॉनही बघू."

झोप उडाली माझी. डोळा लागला की स्वप्नात काय, तर मी ठमीला घेऊन बसथांब्यावर, आणि बस कुठली येतच नाही. रविवारी पहाटे मात्र डोकं चाललं. घरात होत्या नव्हत्या तेवढ्या गाद्या, चादरी, उशा, ठमीची दुपटी, सगळं नेऊन लॉनवर पसरलं! वीतभर जागा सोडली नाही. ह्यांना दम दिला, "विचारलं तर सांगायचं, ढेकूण झालेत." हे म्हणाले, "ढेकूण म्हटल्यावर घर ठेवतील का आपल्याला?" तेव्हाच नेमकी ह्यांना अक्कल फुटायची होती!

दहाला मालकीणबाई आल्या. मी फाटकातच, "या ना, आत या, चहा..." त्या गाद्यांकडे बघत उभ्या. "एवढं अंथरूण?" मी म्हटलं, "ऊन चांगलंय." आभाळ भरून आलेलं! आणि एवढ्यात आमचं रत्न, ठमी, गेली रांगत, धरलं चादरीचं टोक, आणि ओढली की! तोंडात हातभर वेल, आणि खुशीत "बाबाबा!"

संपलं, म्हटलं. बांधा सामान. मला रडूच फुटलं. म्हटलं, "चूक झाली हो, पण काढू नका, हिचा डॉक्टर..."

तर मालकीणबाई मटकन गादीवर बसल्या. पान खुडलं, उलटं करून बघितलं. आणि हळूच म्हणाल्या, "परत आली गं ही?"

परत?

"सहा वर्षं उपटली मी. शेवटी वरची माती काढली, नवीन लॉन घातलं, आणि घर तुम्हाला दिलं. मी तिसऱ्या मजल्यावर फ्लॅट का घेतला असं वाटतं तुला? वारा खायला?"

आता बोला! करार वाढला हो. अकरा महिने नाही, तीन वर्षं! भाडं तेच. फक्त खाली एक ओळ नवी, वेल कुंपणाबाहेर गेली नाही पाहिजे. मी म्हटलं, "आणि मला कधी चार दिवस माहेरी जायचं झालं तर?" त्या म्हणाल्या, "जा की. दोन दिवस."

म्हणजे डॉक्टर राहिला, घर राहिलं, आणि मीही राहिले, आहे तिथंच. ठमीची छाती आता बरी आहे, देवाची कृपा. माझीच भरून येते फाटक लावताना.

म्हणून म्हटलं, तुम्हा सगळ्यांना आज बोलवावं, चार गोष्टी बोलाव्यात. अहो, उभ्या का, बसा ना! नाही नाही, खुर्चीवर नको, इथं खाली, पाटावर. हं. आणि हे घ्या प्रत्येकीनं एकेक खुरपं. बोलता बोलता हात चालतो हो. तुम्ही त्या कडेपासून घ्या... ती कडा मी कालच साफ केली होती.